फोटो शार्प होईपर्यंत

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळ
कार्यक्रम उत्तम झाला. निदान माझ्या बाजूने तरी.

खालच्या मजल्यावरचे आमचे घरमालक सेतुमाधव साठ वर्षांचे झाले. इकडच्या तमिळ रिवाजाप्रमाणे त्यांनी अंबुजाबाईंना पुन्हा ताळी बांधली, म्हणजे आपलं मंगळसूत्र. दुसरं लग्नच ते. पहिल्या लग्नाचा अल्बम पुराच्या वर्षी पाण्यात गेला, त्यामुळे आजचे फोटो हेच आता त्यांच्या लग्नाचे फोटो. एवढ्या जबाबदारीच्या कामाला त्यांनी टी. नगरचा कुणी स्टुडिओवाला ठरवला होता. मीच रद्द करायला लावला. स्टुडिओवाले जेपीजी काढतात. मी रॉ काढतो.

सेतुमाधवांना फरक समजावून दिला. जेपीजी म्हणजे हॉटेलातली इडली. रॉ म्हणजे भिजवलेले तांदूळ आणि उडीद. हवी तशी इडली करा. त्यांनी विचारलं, म्हणजे इडली एप्पो सार, कधी मिळणार? आठ दिवसांत म्हणालो.

संकल्प: कंपनीतून आल्यावर रोज एक तास एडिटिंग. टीव्ही बंद.

सोमवार, १०
फाइली उघडल्या. सगळं मऊ दिसतंय. घाबरण्याचं कारण नाही, रॉ मऊच दिसते. अडाणी माणूस इथेच खचतो.

विद्युलता मागे येऊन उभी राहिली. हे काय म्हणून विचारलं. ताळी बांधतानाचा क्षण, मी सांगितलं. ती म्हणाली, क्षण दिसतोय हो, पण माणसं कुठायत?

बायकोला रॉमधलं कळत नाही.

बुधवार, १२
कारणं सापडली. होमाचा धूर. भटजींची घाई. अंबुजाबाई ऐन वेळी लाजून पुढे झुकल्या. कॅमेऱ्याचा फोकस मागच्या भिंतीवर गेला, यात कॅमेऱ्याची चूक आहे, पण त्याला दोष देत नाही.

चांगली बातमी: त्या भिंतीवरचं किराणा दुकानाचं कॅलेंडर अप्रतिम आलंय. मोठं करून पाहिलं तर राहुकाळ वाचता येतो. म्हणजे लेन्स उत्तम आहे हे सिद्ध झालं. आता तोच शार्पनेस फक्त चार फूट पुढे आणायचा.

शुक्रवार, १४
इरुंगाट्टुकोट्टैला, आमच्या कारखान्यात, आज गाडीच्या बुशचा एक अख्खा ट्रे रिजेक्ट केला. केसाएवढा ओरखडा. सप्लायरचा माणूस वेंकट गयावया करत होता. सार, गाडीत बसल्यावर कुणाला दिसणार आहे? थोडं पॉलिश मारून देतो. त्याला शांतपणे सांगितलं, जे मुळातच बिघडलंय ते पॉलिशने सुधारत नाही. क्वालिटीत अठरा वर्षं काढल्यावर माणसाला असं बोलता येतं. ज्युनिअर पोरांनी ते वाक्य बोर्डावर लिहून ठेवलं.

संध्याकाळी शार्पनिंगचं अमाउंट १५०पर्यंत नेलं. त्याच्या पुढे जात नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी एवढा कंजूषपणा का करावा?

रविवार, १६
आठ दिवस झाले. फोटो झालेले नाहीत, पण पाया पक्का झालाय.

शार्पनिंगचा रेडियस वाढवून पाहिला. प्रत्येकाभोवती पांढरी कड आली. विद्युलता म्हणाली, छान, सगळ्या पाहुण्यांचे देव झाले, भटजींची तेवढी पूजा करायची राहिली.

दूध आणायला उतरलो तर सेतुमाधव जिन्यापाशीच झोपाळ्यावर. आमचा जिना त्यांच्या हॉलच्या दारातच संपतो. घर भाड्याने घेताना ही सोय वाटली होती. ते म्हणाले, अवसरम इल्लै सार, काही घाई नाही. मग विचारलं, या आठवड्यात होतील ना? मग आतून कॉफी मागवली. ज्या माणसाचे फोटो आपल्याकडे अडकलेत, त्याच्या घरची कॉफी घशाखाली उतरत नाही. पण दोन कप घ्यावे लागले.

संकल्प: दूध वर आणून द्यायला सांगणे.

गुरुवार, २०
कंपनीच्या बसला निघताना बूट हातात घेऊन जिना उतरलो. दिवा न लावता. शेवटच्या पायरीवर अंधारातून आवाज आला, सार, बूट पायात घालतात. कॉफी घेणार?

बस चुकली. तांबरमहून दुसरी बस धरून, मग शेअर ऑटोने पोचलो. बॉसने कारण विचारलं. फोटोग्राफी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही.

शनिवार, २२
अंबुजाबाई स्वतः वर आल्या. मी लॅपटॉप मिटला. त्या आपल्या जुन्या तंजावरी मराठीत, शेवटच्या शब्दावर तमिळ हेल देत, विद्युलतेशी बराच वेळ बोलल्या. सगळे फोटो सावकाश द्या म्हणाल्या. एकच लवकर हवा, ताळी बांधतानाचा. फ्रेम आणून ठेवलीय. भिंतीत खिळाही मारलाय. पहिल्या लग्नाच्या वेळी त्या एवढ्या घाबरलेल्या होत्या की नवऱ्याचा चेहरा पाहिलाच नव्हता. या खेपेला पाहिला. तो कसा दिसत होता ते फोटोत परत एकदा बघायचंय.

त्या गेल्यावर विद्युलतेने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. ते बोलण्याहून वाईट असतं.

रविवार, २३
प्रश्न सुटला! एआयवालं नवं सॉफ्टवेअर उतरवलं, ट्रायल आहे. एक बटण दाबलं आणि चेहरे लखलखीत. पापणीचा केस न् केस.

बारीक तक्रारी. सेतुमाधवांचे पुढचे दोन दात पडलेत, ते सॉफ्टवेअरने बसवून दिले. अंबुजाबाईंच्या कपाळावरच्या सुरकुत्या गेल्या आणि नाकाच्या दुसऱ्या बाजूलाही एक चमकी आली. विद्युलतेला दाखवलं. ती म्हणाली, बाई देखणी आहे, पण ही अंबुजाबाई नव्हे. आणि हा माणूस हिच्याकडे बघून हसतोय. हे त्यांना दाखवणार तुम्ही?

दाखवणार नाही. पण तंत्रज्ञान योग्य दिशेने चाललंय.

बुधवार, २६
जाता-येता हॉलमधली रिकामी फ्रेम दिसते. काच रोज पुसलेली असते.

विद्युलता म्हणाली, सरळ जाऊन सांगा की फोटो हलले. मी म्हणालो, फोटो हललेले नाहीत, फोकस मागे गेलाय, हे दोन वेगळे दोष आहेत. ती म्हणाली, मग दोन्ही सांगा, त्यांना निवडू द्या.

संकल्प: रविवारी सांगणे. तोपर्यंत मास्किंग, म्हणजे फोटोचा हवा तेवढाच भाग सुधारणं, नीट शिकून घेणे.

रविवार, २ मार्च
मास्किंग शिकलो. उपयोग नाही. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून खाली गेलो. सांगायचं वाक्य जिन्यावर दोनदा म्हणून पाहिलं.

फ्रेममध्ये फोटो होता.

सेतुमाधवांच्या बहिणीची मुलगी हरिणी कुंभकोणमहून कार्यक्रमाला आली होती, तिने मोबाइलवर काढलेला. काल तिने पाठवला, यांनी स्टेशनजवळच्या दुकानातून मोठा करून आणला. मी जवळ जाऊन पाहिलं. अतिशय शार्प. शर्टाच्या चौकड्यांतला धागा न् धागा मोजावा. शर्ट माझा. फ्रेमच्या मध्यभागी मी, पाठमोरा, कॅमेरा डोळ्याला लावलेला. डावीकडे सेतुमाधवांचा एक कान. उजवीकडे अंबुजाबाईंची वाकलेली मान. ताळी माझ्या कोपराआड.

मला वाक्य आठवेना. अंबुजाबाई म्हणाल्या, परवाइल्लै, असू द्या, दोघंही आहोत ना त्यात. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच विचारलं, तुमच्या कंप्यूटरात एवढं सगळं होतं, तर हा मधला माणूस काढता येईल का?

माझ्यासमोरच ‘हा मधला माणूस’ म्हणाल्या, ‘तुम्ही’ म्हणाल्या नाहीत. फार सभ्य लोक.

येईल, मी म्हणालो. एका मिनिटाचं काम.

सोमवार, ३
दांडी मारली. मला काढायला दिवस गेला.

पहिल्या खेपेला माझ्याबरोबर ताळीही गेली. दुसऱ्या खेपेला सेतुमाधवांचा हात आला, पण चेहरा भटजींचा. तिसऱ्या खेपेला मी पूर्ण गेलो आणि माझ्या जागी सॉफ्टवेअरने दुसराच एक माणूस उभा केला. उंच, साध्या पांढऱ्या शर्टात. फोटो शार्प होता, म्हणून घेऊन खाली गेलो.

सेतुमाधवांनी चष्मा लावून पाहिलं. विचारलं, याला कुणी बोलावलं होतं? अंबुजाबाईंना वेगळीच काळजी: हा जेवून गेला होता ना?

जेवून गेला, मी सांगितलं.

दोघांनी आपसात तमिळमध्ये थोडी चर्चा केली. शेवटी ठरलं, अनोळखी माणसापेक्षा आमचे सारच बरे. हरिणीचा फोटो परत फ्रेममध्ये गेला. अंबुजाबाईंनी काच पुसली आणि सेतुमाधवांच्या कानाकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

मंगळवार, ४
आता रोज जिना उतरताना समोर माझी पाठ.

शार्प आहे.