रेती गोडी हाय

गडब, ता. पेण
१४ डिसेंबर २०२४

चि. सौ. ऋतुजा हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, आणखी कुणी गेलेलं नाय. फोन केला की तू रडतेस, मग मी रडतो, आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून प्रणितच्या जुन्या वहीतली पानं फाडून बसलोय. सातवीचं अक्षर आहे, चालवून घे.

माझं बरं आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो. शेजारची कृष्णाबाई दोन वेळची भाकरी देते आणि भाकरीबरोबर चार शब्दही ऐकवते. परवा म्हणाली, “जगनदा, बायको गेली की पुरुष एकतर देवळात बसतो नायतर गुत्त्यावर. तू अंगणात बसतोस, म्हणजे तुझं अजून बरं हाय.” बसायला अंगणाशिवाय आहे काय मला? स्लॅबचा तेवढा तुकडा पडला, पण बाकीच्याचाही नेम नाय म्हणून घरात अकरा टेकू लावलेत. तुझी आई गेली त्याला उद्या आठ आठवडे होतील. अजून त्या खोलीत पाय ठेवला की नजर आधी वर जाते. मी पडवीत पत्र्याखाली झोपतो.

प्रणित आणि सूनबाई प्रतिक्षा पेणला भाड्याच्या खोलीत गेले ते गेलेच. तिथूनच तो डोलवीला कंपनीत शिफ्टला जातो. रविवारी येतो, फाटकाबाहेर गाडी उभी करतो, तांदूळ-बटाटे ठेवतो आणि निघतो. प्रतिक्षा तर येतच नाय. तिचं चुकत नाय म्हणा, तीन वर्षांची पोर घेऊन टेकूंच्या घरात कोण येईल? पतपेढीचा हप्ता मात्र दर महिन्याला बरोब्बर घर शोधत येतो. राहायला घर नाय, फेडायला आहे.

पंचनाम्याच्या वेळी इंजिनिअरनं स्लॅबचा तुकडा नेला होता, त्याचा कागद आला. रेती खारी होती, त्यामुळं सळई आतल्या आत सडली, असं लिहिलंय. प्रणितनं तो कागद गावभर दाखवला आणि पेणला तक्रार गुदरली. गाव म्हणतंय, जावयानं सासऱ्याच्याच घरात हात मारला. मी काय बोलणार? धनेश तुझा नवरा, पण ठेकेदारही तोच. काम त्याचं, स्लॅब त्यानं ओतला. बाराव्याला प्रणितनं सगळ्यांदेखत त्याची कॉलर धरली तेव्हा मला सोडवायला उठता आलं नाय. गुडघ्यानं दगा दिला.

त्याच्याशी एका घरात राहून बोलत नाय म्हणालीस. आता मी बाप, मी काय सांगू? तुझ्या मनाला पटेल ते कर. नवराबायकोच्या मध्ये मी पडणार नाय.

तुझ्या आईच्या साड्या ट्रंकेत आहेत, हिरवी तू ने. तुझ्यासाठी तिनं सुका जवळा भरून ठेवला होता, त्या बरणीला मी हात लावलेला नाय. सारखी तिची एक गोष्ट आठवते. वरती ते पांढरं सिलिंग बसवायच्या आधी ती मान वर करून म्हणायची, “अवो, छताला मीठ फुललंय.” मी म्हणायचो, “खाडीकाठचं घर, ओल येणारच. तुला सगळीकडं मीठच दिसतं.” मग दर दिवाळीला रंग काढायचो. असो.

वाटेल तेव्हा ये. घर तुझंच आहे, जसं आहे तसं.

तुझा
बाबा


गडब
१५ जानेवारी २०२५

ऋतुजा,

आशीर्वाद लिहायला हात धजला नाय.

काल संक्रांतीला तुझा फोन आला. सव्वीस जानेवारीला तुझ्या पोरीला आणि दोन बॅगा घेऊन कायमची येते म्हणालीस. “आईला मारणाऱ्याच्या घरात मला घास उतरत नाय, बाबा.” आणि मी म्हटलं, “बरं.” बरं! एवढंच सुचलं मला. फोन ठेवून अंगणात बसलो तो कृष्णाबाईनं ताट पुढं केलं तेव्हा भानावर आलो. तिनं तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाली. तोंडात घातला आणि तिची पाठ वळल्यावर थुंकून टाकला.

तू येऊ नकोस. आता बसून वाच, उभ्यानं वाचू नकोस.

२०१६ सालची गोष्ट. प्रणितला मुली सांगून यायच्या आणि आपली कौलं बघून पाहुणे चहा पिऊन परत जायचे. मुलगा कंपनीत, पण घराला स्लॅब नाय! मला ते फार लागायचं. मग मी हट्टच धरला, लग्नाआधी स्लॅब. धनेशनं तेव्हा मला एका कागदावर सगळं ओळीनं लिहून दिलं होतं. आधी पाया तपासायचा, मग पिलर, मग स्लॅब, मग पाण्याची टाकी, आणि कर्जातलं उरलं तर लाद्या नि फाटक. “मामा, घर रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी नाय बांधायचं,” म्हणाला. मजुरी घेतली ती फक्त माणसांची, स्वतःची दमडी नाय घेतली त्यानं. आणि मी? अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, मी आधी पाय पसरले आणि मग अंथरूण शोधत बसलो. पतपेढीचे पहिले पैसे हातात आले तसा ओट्याचा ग्रॅनाईट आणि दोन मोरांचं फाटक सांगून टाकलं. येणाऱ्याजाणाऱ्याला फाटक दिसतं, सळई कुणाला दिसते?

स्लॅबची वेळ आली तेव्हा नदीच्या रेतीला पैसे पुरेनात. खाडीची रेती निम्म्यात मिळत होती. धनेश नको नको म्हणत होता. मी म्हटलं, धुऊन घेतो. तेव्हा तो म्हणाला, “तीन पाण्यांनी धुवा, गोड्या पाण्यानं. मगच मी हात लावीन.” आणि दोन दिवसांसाठी रोह्याच्या कामावर गेला. मे महिना. टँकर एकच मिळाला. टँकर आला म्हटल्यावर बायका हंडे घेऊन धावल्या, त्यांना नाय कसं म्हणणार? उरलं तेवढं पाणी मी ढिगावर शिंपडलं. वरून ढीग छान ओला दिसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी धनेश आला. माणसं खोळंबली होती, मिक्सर भाड्याचा होता. त्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आतली मूठभर रेती काढली आणि माझ्यापुढं धरली. “मामा, चाखून सांगा. तुमच्यासारखी जीभ तालुक्यात नाय.”

खरंच होतं ते. तीस वर्षं मिठागरात काढली मी. आगरातलं पाणी जिभेला लावून सांगायचो, मीठ किती दिवसांत पडेल. मालकाची माणसं मला विचारायला यायची, त्याचा केवढा तोरा होता मला! त्या रेतीचा कण जिभेला लागला आणि कळलं. खारी होती, कडू लागण्याइतकी खारी.

थुंकलो असतो तर त्याला समजलं असतं. म्हणून मी गिळली. चिमूटभर असेल, पण गिळली. आणि म्हटलं, “रेती गोडी हाय. घाल बिनधास्त.”

त्यानं नारळ फोडला, माझ्या पाया पडला आणि कामाला लागला.

तुझी आई दारात उभी होती. आत गेली, तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी मागितलं नव्हतं गो. माझ्याबरोबर तीस वर्षं संसार केलेली बाई, मी काय गिळलं ते तिला कळणार नाय होय? पुन्हा कधी आम्ही तो विषय काढला नाय. “छताला मीठ फुललंय,” एवढंच ती दर वर्षी म्हणायची. ती मला सांगत होती. आणि मी रंग काढत होतो.

पुढं प्रणितच्या पोरीचं बारसं आलं. छताला तडे गेले होते, पावसात त्यातून तांबूस पाणी उतरायचं. धनेश म्हणाला, “मामा, सिलिंग लावू नका. मी आधी हातोडीनं ठोकून बघतो. बद्द आवाज आला तर तेवढं फोडून सळई बदलू. सिलिंगच्याच पैशांत होईल.” मी त्याच्यावर खेकसलो, “स्वतःच्याच कामात खोट काढतोस? पाहुण्यांत हसं करशील माझं.” त्यानं ठोकलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं, दुसरं काय! पतपेढीतून पुन्हा कर्ज काढलं, पांढरंशुभ्र सिलिंग लावलं, त्यात निळे दिवे बसवले. झाकली मूठ सव्वा लाखाची. बारशाला सगळे माना वर करकरून बघत होते. त्याच सिलिंगखाली बसून तुझी आई त्या दुपारी तांदूळ निवडत होती.

मी बाहेर ओट्यावर होतो. आवाज झाला. पुढचं तुला ठाऊक आहे, एक सोडून. अलिबागला नेताना पोयनाडच्या अलीकडं तिनं डोळे उघडले होते. मला वाटलं, पाणी मागते. म्हणाली, “धनेशवर बोल येऊ देऊ नका.” मी म्हटलं, व्हय. त्यानंतर ती काही बोलली नाय. तिचं शेवटचं मागणं, तेही मी पाळलं नाय.

बाराव्याला गुडघ्यानं दगा दिला असं मी मागच्या पत्रात लिहिलंय. गुडघा ठणठणीत होता.

दोन रेतींमध्ये फरक अठरा हजारांचा होता. तेवढ्यातच ते फाटक झालं. मोर अजून चमकतात. त्याच फाटकातून तुझ्या आईला बाहेर काढलं तेव्हा एक झडप उघडेना, तर लोकांनी तिला उचलून तिरकी करून नेली. मी ते रोज बघतो. “मी मेलो असतो तर बरं झालं असतं,” असं लोक नुसतं म्हणतात, मला ते खरोखर वाटतं. त्या खोलीत मी का बसलो नव्हतो?

आणि धनेश! प्रणित सांगत होता, पोलिसांनी विचारलं तर तो एवढंच म्हणाला, “रेती मी बघून घेतली होती.” माझं नाव घेतलं नाय. तुझ्यापाशी तरी घेतलं का? नसेलच. त्याला त्या सकाळची माझी जीभ आठवत नसेल असं वाटतं तुला? सगळं आठवतंय त्याला. तुझी आई गेलीच आहे, आता बापही जायला नको, म्हणून तो तुझा अबोला सोसतोय. रोह्यात त्याची दोन कामं गेली म्हणे, लोक म्हणतात खाऱ्या रेतीचा ठेकेदार. आणि मी इथं अंगणात बसून कृष्णाबाईच्या भाकऱ्या खातोय, बिचारा जगनदा म्हणून.

जबाब द्यायला मी पेणला दोनदा निघालो. दोन्ही वेळा स्टँडवर उतरलो, चहा प्यायलो आणि परतीची गाडी धरली. भित्रा माणूस आहे मी. खोटं एका घोटात उतरलं, खरं काही ओठाबाहेर येत नाय. सोमवारी तिसऱ्यांदा जाणार आहे. पण माझा भरवसा धरू नकोस, मीच धरत नाय. म्हणून हे लिहून देतोय.

तीन फेब्रुवारीला धनेशला पोलिसांनी पुन्हा बोलावलंय. त्याच्या आत हे पत्र त्याच्या हातात दे. प्रणितलाही वाचू दे. तो माझं तोंड बघणार नाय, ठीक आहे, त्याचा हक्क आहे. धनेशची माफी मागायला माझ्याकडं तोंड नाय, तू मागू शकलीस तर तुझ्यापुरती माग. तीन महिने त्याला उपाशी ठेवलंस तू शब्दावाचून.

तुला माझी माया येईल. मी ओळखतो तुला. म्हातारा बाप, एकटा, या वयात कोर्टकचेरी कुठं, असं मनात येईल आणि तू पत्र आईच्या हिरव्या साडीच्या घडीत सारशील. तसं करू नकोस गो बाय. तुझ्या आईनंही माझ्या मायेपोटीच गप्प राहून मला पाणी आणून दिलं होतं.

हे मी शुद्धीवर असताना, कुणी न सांगता लिहिलंय.

जगन्नाथ हिराजी मोकल
वय ६४, मिठागर कामगार, राहणार गडब
रेती खारी होती. मी चाखली होती.