मध्याची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत

बाबा,

'प्रिय' लिहिणार होते, हात धजला नाही. उद्या तुमचं वर्षश्राद्ध. वड्यांची डाळ भिजली आहे, काकांची हुकूमबाजी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतेय, आणि मला तुमची शिसारी आली आहे. ती पोटात ठेवून उद्या तुमच्या फोटोसमोर हात जोडणं मला जमायचं नाही, म्हणून आजच लिहिते.

रविवारी दारव्ह्याहून जीपनं दिग्रसला गेले, आपल्या जिनिंग कारखान्याच्या संघाची शेवटची कबड्डी बघायला. जिनिंग बंद पडलं, बाबा. कापसाला भाव नाही, तुमची गाठी दाबायची प्रेस थंड आहे. पोरांना यंदा बनियनही कुणी दिली नाहीत. ज्याची त्याची घालून खेळली बिचारी. तरी मैदान भरलं होतं. तुमच्याशिवाय पहिल्यांदाच गेले आणि तुमच्यासारखीच ओरडत होते, "पाय धर त्याचा, पाय!"

बायकांच्या बाजूला शेजारी एक म्हातारी बसली होती. मला न्याहाळून म्हणाली, "तुह्यासंगं येत होते ते तुहे बाबा ना? यंदा दिसून नाही राह्यले."

"गेले ते. वर्ष होतंय."

ती उठली, मैदानाच्या नळाखाली भर गर्दीत डोक्यावरून पाणी घेतलं आणि तशीच ओलेती येऊन बसली. लोक बघत राहिले. मी म्हटलं, "आजी, हे काय?"

"आमच्यात सुतक नाही पाळत, पोरी. पण भाऊ होता ना माहा. मी कुसुम. तुही आत्या."

मला आत्या आहे! जीपनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या जवळ! आणि तिचा नवरा कोण, तर मध्या!

बाबा, मध्याच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. सायकलच्या दांड्यावर बसवून तुम्हीच सांगायचात, "मध्यासारखा चढाईवाला अख्ख्या जिल्ह्यात झाला नाही, बेटा." तो गडी शिवून कसा निसटायचा, साखळीत तुमच्या शेजारी कसा उभा राहायचा. तो माझ्या आत्याचा नवरा, एवढंच सांगायचं राहिलं होय? तो बौद्ध, आपण म्हणे वरचे. तिनं त्याच्याशी लग्न केलं म्हणून तुम्ही घरादारानं तिच्या नावानं आंघोळ केलीत. विहिरीचं पाणी तुम्ही शेंदलंत. धडधाकट बहिणीच्या नावानं! थू!

पुढचं तर ऐका. आत्या म्हणाली, "लग्नानंतरबी दोघं एकाच संघात खेळले. हे सांगतात, साखळीत तुह्या बाबानं हात असा घट्ट धरावा का सुटूच देऊ नये. शिटी वाजली का ओळखच नाही."

म्हणजे त्याचा घामेजलेला हात तुम्हाला चालला. जिंकल्यावर त्याला खांद्यावर घेऊन बाजारभर नाचणं चाललं. त्याच्या घरचं पाणी तेवढं चाललं नाही! कुठल्या मातीचे होतात हो तुम्ही?

वाटलं, आता ती तुम्हाला शिव्या घालील. तिनं उलट तुमचीच बाजू घेतली. "खेळणं सुटलं तरी तो येत होता. तुले घेऊन मुद्दाम माह्या समोरच्या बाजूले उभा राहे, उन्हात. पोरगी मले दिसावी म्हणून. तुहे दात पडले तेबी पायलं म्या."

तिचे डोळे भरले. माझेही भरले, खोटं कशाला बोलू? पण मी विरघळणार नाही. एवढी माया होती तर मैदान ओलांडताना तुमचे पाय कुणी धरले होते? उन्हात उभं राहून स्वतःचं मन हलकं करून घेतलंत, आणि त्या बाईनं तेवढ्यावर जन्म काढला. आणि मी काय लांबून दाखवायची वस्तू होते?

घरी येऊन आईला विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "मले माहीत होतं. कायले उकरून काढतं आता?" काकांनी तर बजावलंच, "ती आली तर मी ताटावरून उठीन." तुम्ही गेलात, पण तुमचा भेकडपणा घरात मजेत नांदतोय.

तुमच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. काका वचनांवर वचनं देत होते: पोरीचं लग्न थाटात करू, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा फांदीवर ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तुमचा जीव कुठं अडकला होता ते काकांना पक्कं ठाऊक होतं. एवढ्या वचनांत कुसुमचं नाव काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. तुम्ही गेल्याचा निरोपसुद्धा तिला धाडला नाही कुणी.

मैदानावरच मी तिला उद्याच्या जेवणाला बोलावलं होतं. ती म्हणाली, "तिथं मी मेलेली हाओ, पोरी. तूच ये."

मी जाणार आहे. तुमची एकुलती एक लेक उद्या तुमच्या श्राद्धाला नसेल. काका गच्चीवर घास ठेवून कावळ्याला हाका मारतील, तेव्हा मी मध्याच्या माठातलं पाणी पीत असेन. आणि यापुढं आत्याच्या घरी माझं जाणंयेणं राहील, कुणी ताटावरून उठो नाहीतर गाव सोडून जावो. हे वचन मी तुम्हाला देत नाहीये, बाबा. तिला दिलंय. तुम्ही फक्त ऐकून ठेवा.

तुमची लेक, ते काही मला बदलता येत नाही,
सुलभा