आवाज येईपर्यंत

दि. १४ मार्च

चि. ताईस, आशीर्वाद.

आम्ही दोघे बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून मी औषधांच्या एका गोदामात काम करू लागलो आहे. तुला हे कोणी कळवले की नाही, ठाऊक नाही.

तेथे तर्जनीत अंगठीसारखा स्कॅनर घालावा लागतो. (यास मराठी शब्द मला अद्याप सुचलेला नाही.) खोक्यावरील काळ्या रेघांच्या पट्टीवर बोट रोखून अंगठ्याने कळ दाबायची; नोंद झाली की यंत्र बारीक आवाज करते. पट्टा सैल नसावा. बोट वीतभर दूर आणि किंचित तिरके असावे. हे सारे मी पाळत असे, तरी पहिला आठवडाभर निम्म्या नोंदी हुकल्या. कळ दाबताच मी पुढच्या खोक्याकडे वळत होतो. आमची पर्यवेक्षिका तुझ्याच वयाची आहे. ती म्हणाली, "आजोबा, कुठे पळायचंय तुम्हाला? आवाज येईपर्यंत हात हलवू नका."

आता माझी नोंद हुकत नाही.

सोमवारी तिने नवागतांसाठी लिहिलेले सूचनापत्र मला तपासायला दिले. सतरा चुका उभ्यानेच दिसल्या. "आवाज येइपर्यंत" असे तिने लिहिले होते. 'इ' दीर्घ करण्यासाठी लाल पेन टेकवले आणि हात तेथेच राहिला.

चार वर्षांपूर्वी तुझे पत्र मी असेच तपासले होते. "बाबा, माझं मुल गेलं," असे तू लिहिले होतेस. मी 'मूल' केले. समासात नियम लिहिला: अकारान्त शब्दातील उपान्त्य उकार दीर्घ. खाली "बाकी मजकूर ठीक" असा शेरा मारून ते तुला परत पाठवले. वाचताना मला काय झाले होते, हे मी अनेकदा आठवून पाहिले. काहीही झाले नव्हते. हे लिहितानाही काही होत नाही.

मघाशी तुझ्या आईला विचारले, "पत्रात तुझे काही लिहू का?" ती म्हणाली, "तुम्हीच लिहा. तुमचं शुद्ध असतं."

सूचनापत्र मी तसेच परत दिले. ते ऱ्हस्व 'इ'सह भिंतीवर लागले आहे. रोज दिसते.

तू लिही. कसेही लिही. आवाज येईपर्यंत मी हात हलवणार नाही.

तुझे
बाबा