मॅडम घरी आल्या होत्या

घाटकोपर, रविवार

प्रिय माधुरी,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकली असशील. फोनच करणार होते, पण कॉलेजचं नाव निघालं की तू विषय बदलतेस, हे मला पाठ झालंय. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, दर चार ओळींनी उठतेय. सकाळपासून दोनदा चहा उतू घालवला.

आपल्या सुगंधा मॅडमना दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात चालत नाही, जीभ जड झालीय. मुलुंडच्या आपल्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टावरून ज्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या रिक्षा स्टँडपर्यंत जायचा, त्या आता एक वाक्य बोलताना घामाघूम होतात. मुलींची टीम त्यांनी माझ्याकडे सोपवली. सोपवली कसली, खुणेनेच हुकूम सोडला! ऑफिसच्या आधी मी कोर्टावर जाते, मुलींवर ओरडते, आणि ओरडताना कळतं की यातला एक शब्दही माझा नाही. "बॉलकडे काय बघतेस गं, मैत्रिणीकडे बघ!" आठवतं ना?

टीममध्ये नीला म्हणून एक मुलगी आहे. साकीनाक्याला वडिलांचं लेथचं वर्कशॉप, वरच घर. पोरगी झकास खेळते, डावा हात तर थेट तुझाच. सेमीफायनल तोंडावर आली आणि ती यायचीच बंद झाली. घरात लग्नाचं बघताहेत, आता हाफ पँट घालून चारचौघांत खेळणं नको. मी घरी गेले. वडिलांनी दारातच ऐकून घेतलं, "बघू" म्हणाले आणि दार लावलं. ती आली नाही. आम्ही हरलो. मॅडमसमोर जाऊन मी रडलेच. म्हटलं, "वाट लागली मॅडम, मला नाही जमत हे." त्यांनी एवढंच विचारलं, "नीलाकडे… परत… कधी जाणार?"

खरं सांगू, रागच आला मला. घरी येऊन अण्णांपुढे तोंडाचा पट्टा सोडला. आमच्या अण्णांची गोष्ट तुला माहीत आहे. मॅडम घरी आल्या, आईच्या हातची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, आणि खेळायला नाही म्हणणारे माझे वडील विरघळले. मी सगळ्यांना हेच सांगत आले. अण्णा म्हणाले, "ती शेवटची खेप गं. त्याआधी कितीदा तरी आल्या होत्या. तू क्लासला असायचीस. मी दारातूनच वाटेला लावायचो. पाणीसुद्धा विचारलं नाही कधी." मॅडमनी हे मला कधी कळू दिलं नाही.

काल पुन्हा नीलाकडे गेले. या वेळी तिच्या आईने आत बसवलं. वडिलांचं अजून "बघू"च आहे. मी जात राहणार.

तिथून मॅडमकडे गेले आणि अण्णांनी सांगितलेलं त्यांना सांगितलं. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तुझं नाव घेतलं. सेकंड इयरला मॅडमनी तुला टीममधून काढलं असं तू समजलीस, आम्हीही तेच समजलो. माधुरी, त्या तुझ्याही घरी आल्या होत्या. पुन्हा पुन्हा. तुझे वडील दरवेळी सांगायचे, "तिलाच खेळायचं नाही." आणि तुला काढल्याचंही त्यांनीच तुला सांगितलं असणार. काका आता नाहीत, त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. पण शेवटी मॅडमना ते खरं वाटलं आणि त्यांनी जाणं थांबवलं. तेच आता त्यांना झोपू देत नाही. एकेक शब्द जुळवत त्यांनी मला विचारलं, "ती… खरंच… नाही म्हणाली होती?" मला उत्तर माहीत आहे. प्रॅक्टिसच्या वेळी तू गेटबाहेर उभी असायचीस, ते मी पाहिलंय. तरी मी गप्प बसले, कारण ते सांगणं माझं नव्हे. बोरिवलीहून मुलुंड काही फार लांब नाही गं. ये, आणि तूच सांग त्यांना.

तुझीच,
दर्शना