दादाच्या आवाजासाठी

३ मार्च
ठरलं! आजपासून मौन. दादाचं घशाचं ऑपरेशन सतरा तारखेला. आवाज राहील की जाईल, ते घसा उघडल्यावरच कळेल म्हणे. न्हावी माणूस — निम्मी गिऱ्हाइकं त्याच्या गप्पांसाठी येतात! म्हणून तोवर माझा आवाज देवाला. दादाचा तेवढा राहू दे. नन व्हायला मठात गेले होते, पण दोन वर्षांनी आईच्या आजारपणापायी ते अर्ध्यावर सुटलं. तिथे शिकलेलं एवढंच हाताशी आहे.

४ मार्च
गजर लावला — सहा, बारा, सहा. मठाचा नियम: घंटा झाली की लिहितं अक्षरसुद्धा अर्धं सोडून प्रार्थनेला उठायचं. आज शिवणाच्या मशीनवर एका पँटचा एकच पाय आखूड करून झाला, तोच गजर. गिऱ्हाईक समोर उभं! चांगलंच वैतागलं.

७ मार्च
जेवताना दादा म्हणाला, "काय मदरसाहेब, आज तरी तोंड उघडा!" मी चिठ्ठी सरकवली — तुझ्यासाठीच चाललंय. त्याने वाचली, घडी घालून खिशात ठेवली. घसा पार बसलाय, तरी बोलत राहिला. एकट्यानेच. मग ताट घेऊन उठला. मला भरून आलं.

११ मार्च
दादा दुकान लवकर बंद करून माझ्या मशीनजवळ येऊन बसला. "आई जायच्या आधी तुझ्याबद्दल एक बोलली होती गं. तुला कधी सांगितलंच नाही मी—"
आणि सहाचा गजर!
पाय निघेना. तरी उठले. प्रार्थना करून आले, तर हा भिंतीकडे तोंड करून झोपलेला. थांबून ऐकायचा मोह आवरला म्हणून मनातून बरं वाटलं. लिहायला लाज वाटतेय, पण वाटलं खरं.

१२ मार्च
सकाळीच हॉस्पिटलचा फोन. खाट रिकामी झाली, ऑपरेशन आजच! नुसती धावपळ. रिक्षात दादा एक शब्द बोलला नाही. मीही नाही — नवस मोडायचा कसा?

१३ मार्च
गाठ निघाली. आवाज गेला.
चर्चमध्ये जाऊन फादरना सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. "मौन कशासाठी असतं, पोरी? ऐकू यावं म्हणून," एवढंच म्हणाले. घरी येऊन गजराचं घड्याळ आपटलं. फुटलंही नाही मेलं!

१९ मार्च
दादाला पाटी आणून दिली. विचारलं, आई काय म्हणाली होती रे? त्याने पेन्सिल उचलली. मग लिहिलं — "राहू दे. लिहून सांगण्यासारखं नव्हतं ते."