लाल गादी आणि किल्ल्याचा दिवस

२६ मार्च
सहा एप्रिलला जपानभर किल्ल्यांचा दिवस. यंदा आमच्या किल्ल्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचंच. म्हणजे दरवर्षी जातोच, पण यंदा न थांबता. आजपासून रोज देवळाच्या पायऱ्या चढायच्या.

२७ मार्च
पाऊस. पायऱ्या निसरड्या असणार.

३० मार्च
पायऱ्या पाहून आलो. खालून. गुडघे ठणठणीत आहेत, बूट चुकीचे आहेत.
बायकोला, सुमिएला, आठवण करून दिली, त्या दिवशी व्हरांड्यात लाल गादी वाळत घाल. वरच्या खिडकीतून घर ओळखू यावं म्हणून ही खूण, लग्न झाल्यापासूनची. घरी येऊन मी सांगतो, दिसली. तिला तेवढंच बरं वाटतं.
ती नुसतं "बरं" म्हणाली.

२ एप्रिल
किल्ल्याच्या गाइड मंडळात प्रमुख मिनोवाबाईंनी विचारलं, यंदा किल्ल्याच्या दिवशी सरदाराचं चिलखत कोण घालणार. बाकीचे सगळे जमिनीकडे बघायला लागले. मी हात वर केला. सुमिए म्हणाली, चिलखत घालून त्या जिन्यावर? तिला सांगितलं, पूर्वीचे लोक असेच चढायचे. यावर ती भांडी घासायला गेली.

५ एप्रिल
सराव राहिला. पण अतिसरावाने पाय दुखतात.

६ एप्रिल, संध्याकाळ
थकलो.
आत शिरताना सरदारालाही बूट काढावे लागतात. एका हातात बुटांची पिशवी, दुसऱ्यात तलवार, आणि जिना शिडीसारखा उभा. तिसऱ्या पायरीवर चिलखत अडकलं. खाली रांग खोळंबली. कोणी चिडलं नाही. सगळे "सावकाश, सावकाश" म्हणत राहिले, त्याचीच जास्त लाज वाटली. शेवटी मिनोवाबाईंनी मला मागून धरून उतरवलं आणि म्हणाल्या, "सरदार, तुम्ही आपले अंगणात फोटोला उभे राहा." नाइलाज झाला. दिवसभर उभा होतो.
घरी सुमिएने विचारलं, दिसली का गादी? म्हटलं, स्पष्ट. लालभडक.
ती माझ्या गुडघ्याला औषधी पट्टी लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "ती गादी मी मोठ्या कचऱ्याच्या गाडीत टाकून दिली. तीन वर्षं झाली."
मी दुसरा पाय पुढे केला. तिने दुसऱ्या गुडघ्यालाही पट्टी लावली. "पुढच्या वर्षी मीही येते," म्हणाली, "अंगणातच थांबू."
पण गेल्या वर्षी वरून लाल काहीतरी दिसलं होतं. शेजाऱ्यांचं असेल.