दुसऱ्या टोकाला अंबड

वडीगोद्री

कल्याणराव दादांना पुंजारामचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून वाकणं तूर्त कागदावरच.) तुमचा गुडघा कसा आहे? चि. अक्षताचा साखरपुडा थाटात झाला असं गावात कळलं. गावातच कळलं, कारण तुमची बहीण शालू तिकडे आल्यापासून माझा फोन उचलत नाही. ती पोहोचली तेव्हा पंगती उठल्या होत्या, त्याला कारण मी. म्हणजे मी आणि व्होल्टेज.

रिटायर झाल्यापासून मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलाय, हे तुम्ही जाणताच. व्होल्टेज मोजायचं नवं मीटर आणलं. त्याला दोन वायरी, एक लाल, एक काळी. मला जन्मभराची सवय टेस्टरची: पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला एका जागी टेकवला आणि दिवा लागला की लाईट आली. तशीच लाल वायर सेलला टेकवली, काळी दिली लोंबकळत सोडून. मीटर शून्य! रेडिओचे सेल शून्य, बॅटरीचे शून्य, भिंतीवरच्या घड्याळाचाही शून्य. एवढे सेल एकदम गेलेले बघून जीव हळहळला. सगळे काढून ठेवले. शालू वेळ बघते ती भिंतीवरच. घड्याळात सकाळ थांबून राहिली आणि अंबडची एसटी निघून गेली. "तुमचं मीटर चालू, अन् घर बंद पडून राह्यलं!" एवढं बोलून ती मिळेल त्या जीपने गेली.

मग मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत पडून राहिलो. वर ढग, शहागडकडून नदीवरचा वारा. मनात आलं, टाकी वर आणि नळ खाली, म्हणून पाण्याला ओढ. टाकी नळाच्या बरोबरीला ठेवली तर तेच पाणी गप्प बसेल. दादा, व्होल्टेज एका जागी नसतंच! दोन टोकांमधला फरक म्हणजे व्होल्टेज. खाली जाऊन दोन्ही वायरी लावल्या, तर त्याच सेलने दीड व्होल्ट दाखवले. आणि टेस्टर? तिथे दुसरं टोक मीच होतो की, माझ्या अंगातूनच त्याला जमिनीपर्यंत वाट मिळायची. इतकी वर्षं दिवा लागायला मी लागत होतो आणि मला पत्ता नाही! (हे वाचताना तुम्ही हसाल. हसा.) हे सांगायला धावत स्वयंपाकघरात गेलो, तर तिथे कोणी नव्हतं. तिचा कप पालथा होता. फार करमेनासं झालं.

घरच्या सर्वांना नमस्कार, अक्षताला आशीर्वाद.

आपला,
पुंजाराम

ता. क. शालूला पाठवून द्या. एकट्या टोकाला शून्यच येतं, हे मी मोजून बघितलं आहे.

आणखी ता. क. घड्याळ चालू केलं, पण वेळ मुद्दाम लावली नाही, मागेच ठेवली आहे. हे तिच्या कानावर सहज घाला. घरात चुकीचं घड्याळ चालतंय म्हटल्यावर ती पहिल्या एसटीने निघेल. तेवढा फरक पुरावा.